विरजणाची पहिली कडी

आमच्या कौसामावशीचं दही शहरातल्या मोठ्या दुकानात जायचं ठरलं आणि तिथंच घोटाळा झाला. दुकानाचे निरगुडकर साहेब लॅपटॉप घेऊन आले. म्हणाले, "आमची ब्लॉकचेन आहे. प्रत्येक जिन्नस कुठून आला ते साखळीत नोंदायचं. मागची कडी नसली तर पुढची जोडता येत नाही."

म्हैस नोंदली, कुंभार नोंदला. मग साहेबांनी विचारलं, "विरजण कुठलं?"

"कालच्या दह्याचं."

"आणि कालच्याला?"

"परवाच्या दह्याचं."

साहेब टाइप करत मागं मागं गेले. पाडव्याला मावशीचं दही नासलं, तेव्हा विरजण शेजारच्या गोदाक्काकडून आणलेलं. गोदाक्कानं सासूकडून घेतलेलं, सासूनं माहेराहून. मी आपली मदत केली, "साहेब, त्या माहेरी दोन चुली होत्या बरं का!" साहेबांच्या साखळीला तिथं दोन फाटे फुटले. दारात टेम्पो उभा, आतली तीस मडकी उन्हानं आंबायला लागलेली.

"पहिली कडीच सापडेना," साहेब ओरडले. "माल रद्द!"

मावशीनं पदर खोचला. "तुमच्या साखळीची पहिली कडी कशाला जोडलीय, साहेब?"

"तिच्यामागं काही नसतं. ती आम्हीच बसवतो, बाकीचे मान्य करतात."

"मग माझं पहिलं विरजण मी बसवते. सगळा गाव ते खाऊन धडधाकट आहे. अजून किती जणांनी मान्य करायचं?"

साहेबांनी टाइप केलं, 'पहिलं दही: कौसाबाई', आणि टेम्पो सुटला. म्हणजे दुकानाच्या लेखी जगातलं दही आमच्या गल्लीत जन्मलं. त्याआधी लोक भात कशाशी कालवत होते, ते विचारायचं राहूनच गेलं.