एका शब्दाची सोयरीक

एकदा एक व्यापारी एका शब्दाच्या आधारावर आपला देश शोधू लागला. हे ज्या बंदरावर घडले तेथे मी नव्हते, आणि ज्यांनी मला हे सांगितले तेही नव्हते; त्यामुळे या गोष्टीतले आचार्य नेमके याच शब्दांत बोलले असतील, असा माझा दावा नाही. घटनेचा सांगाडा मात्र सर्वांच्या सांगण्यात एकच आहे.

हा व्यापारी अगदी लहान असताना फुटलेल्या गलबताच्या फळीवरून किनाऱ्याला लागला होता. एका कोळी दांपत्याने त्याला वाढवले. सुरुवातीला रडताना तो एकच शब्द म्हणे : तेमा. पुढे तो किनाऱ्याची भाषा बोलू लागला आणि मागची सारी भाषा पुसली जाऊन तेवढा शब्द उरला, तोही अर्थावाचून. संसार झाला, व्यापार वाढला. सांभाळणारे आईबाप गेल्यावर मात्र, आपण ज्या भाषेत पहिल्यांदा रडलो ती एकदा कानांवर पडावी, या ओढीने त्याला अन्न गोड लागेना.

त्याच बंदरात एक वृद्ध आचार्य परदेशी खलाशांच्या भाषांचा कोश रचत होते. व्यापारी त्यांच्याकडे आला. आचार्यांनी तेमा कोणत्या भाषेतला हे शोधण्याचे काम आपल्या एका शिष्येवर सोपवले. त्यांच्याकडे एक शिस्त होती : परक्याला अर्थ सुचवायचा नाही, त्याला त्याच्या कामात बोलू द्यायचे आणि शब्द आपणहून येईपर्यंत थांबायचे. शिष्येला ही शिस्त पाठ होती. पण व्यापाऱ्याची कहाणी ऐकून तिचेही मन भरून आले होते. चारच दिवसांत ती धावत आली. एका दूरच्या बेटावरचा खलाशी भेटला होता. त्याच्या भाषेत तेमा हा शब्द होता आणि त्याचा अर्थ होता आई.

व्यापाऱ्याने दुकान मुलांकडे सोपवले. खलाशाच्या गलबतात त्याचे सामानही चढले. निरोप द्यायला आचार्य धक्क्यावर आले. तेथे एका कोळिणीचे तान्हे मूल टाहो फोडत होते. आचार्यांनी ते तिच्याकडून मागून घेतले आणि काही न बोलता त्या खलाशाच्या हातांत ठेवले. शिष्या चकित झाली. कोळीण खलाशावर डाफरली, “पोर आहे ते, गलबताचा दोर नाही. मान धर त्याची.”

खलाशी आधी गांगरला, मग मुलाला छातीशी धरून येरझारा घालू लागला आणि पुटपुटू लागला, “तेमा, तेमा, तेमा.” मूल हळूहळू शांत झाले.

“काय म्हणालास त्याला?” आचार्यांनी विचारले.

“पुरे म्हणालो. पुरे झालं रडणं.”

शिष्येचा चेहरा उतरला. “मग मला आई असं का सांगितलंस?”

“मी कुठे सांगितलं, ताई? तेमा म्हणजे आईच ना, असं तुम्हीच विचारलंत. डोळ्यांत पाणी होतं तुमच्या. परक्या गावात आम्ही कुणाला नाही म्हणत नाही.”

मग ती एकाएकी म्हणाली, “पण मग हे तर अधिकच जुळतं! गलबत फुटताना यांच्या आईने यांना असंच उगी केलं असेल.”

आचार्य म्हणाले, “आधी आई जुळली, आता पुरे जुळलं. नदीकाठच्या बुरुडांकडेही तेमा आहे. तिथे ती एका झाडाच्या नावावरून आलेली टोपली. तू तीही जुळवशील, म्हणशील की मूल टोपलीत निजत असेल. आपल्याकडची मगर पाण्यात राहते. फारसीतून आलेली, ‘पण’ या अर्थाची मगर वाक्याच्या मध्येच आडवी येते. त्यांचे रूप एक, पण कुळाचा काही संबंध नाही. एक शब्द दोन भाषांत सारखा दिसला, तर तो केवळ योगायोग असू शकतो. नाते म्हणायचे, तर असे पुष्कळ शब्द एकाच रीतीने जुळावे लागतात. यांच्याजवळ एकच आहे. आणि वाटेल त्या अर्थाला जुळवून घेण्याचे बळ शब्दात नसते, बाळ. ते आपल्या ओढीत असते.”

व्यापारी इतका वेळ मुलाकडे पाहत होता. त्याने खलाशाला तो शब्द पुन्हा म्हणायला सांगितले. खलाशाने म्हटला. व्यापाऱ्याने डोळे मिटून ऐकला आणि मान हलवली; ओळख पटली की नाही, हे त्यातून कोणाला कळले नाही.

“मग जाऊ नको म्हणता, गुरुजी?”

“जा ना, शेटजी,” आचार्य म्हणाले. “पण माहेरी निघाल्यासारखे जाऊ नका, पाहुणे म्हणून जा. माहेरी माणूस सगळे ओळखीचे करून टाकतो. पाहुण्याला विचारावे लागते.”

गलबत सुटले. शिष्या ते दिसेनासे होईपर्यंत धक्क्यावर उभी होती. हातात काही पुरावा नाही हे आता तिला कळत होते, आणि तरीही तिला मनापासून वाटत होते की त्याला ते बेट आपलेच निघावे. या दोन्ही गोष्टी एकाच मनात, पण एकमेकींना न शिवता ठेवणे, हीच आपली विद्या, असे ती पुढे आपल्या विद्यार्थ्यांना सांगत असे.

फुटलेल्या गलबतावरचे ते मूल त्या शब्दाने कोणाला हाक मारत होते, की कोणी त्याला म्हटलेला शब्दच परत परत उच्चारत होते, हे आजतागायत ठरलेले नाही.