फाटकापलीकडची लेक

अकोले तालुक्यातल्या एका गावात एस.टी.चा एक कंडक्टर राहत होता. सोपान गायकर त्याचे नाव. माणूस मनाने निर्मळ, पण भारी घायकुता. गाडी थांबायच्या आत खाली उडी मारणार, शेवटचा घास तोंडात असतानाच ताटावरून उठणार. "चला, चला, आत सरका," असे तीस वर्षे म्हणून म्हणून त्याच्या जिभेलाही घाईच लागली होती. समोरच्याचे बोलणे पुरे होण्याआधी ह्याचे उत्तर बाहेर पडलेले असे.

त्या घाईनेच त्याचा घात केला. त्याची एकुलती एक लेक जयमाला, घरातली जयू, शिकायला जपानला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. एके दिवशी तिचा फोन आला.

"आबा, इथल्या केन्जी नावाच्या मुलाशी मला लग्न करायचंय. तुम्ही एकदा त्याला..."

पुढचे सोपानने ऐकलेच नाही. "आजपासून आम्ही मेलो तुला," असे म्हणून त्याने फोन आपटला.

राग दोन दिवसांत ओसरला. पण बोललेले परत कसे घ्यायचे, ते त्याला कुणी शिकवले नव्हते. एक वर्ष गेले, दोन गेली, पाच गेली. त्याची बायको चंद्रभागा दर रविवारी मागच्या पडवीत बसून लेकीशी बोलायची. सोपान पुढच्या ओट्यावर बसलेला असायचा. कान मात्र मागे. पडवीतून हसण्याचा आवाज आला की तो भिंतीकडे आणखी सरकायचा. जयूला मुलगी झाली, तिचे नाव मीना ठेवले, मीना चालायला लागली, मीना बोलायला लागली, हे सारे त्याला भिंतीआडूनच कळले. नोकरी संपून तो घरी बसला, तेव्हा तर दिवस सरता सरेना.

एका रविवारी चंद्रभागेने ओट्यावर येऊन फोन त्याच्या कानाला लावला. पलीकडून एक चिमुकला आवाज आला, "आजोबा, जेवला?"

सोपानने फोन बायकोच्या हातात दिला आणि आत जाऊन तो पेटीतले कागद काढू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो पासपोर्टच्या चौकशीला संगमनेरला गेला.

चंद्रभागेचे गुडघे पार गेले होते. तिला एवढा प्रवास झेपणारा नव्हता. निघताना ती म्हणाली, "माझ्या वाटचंही तुम्हीच डोळे भरून बघून या. आणि तिथं तरी घाई करू नका."

जयूला दुसऱ्या खेपेचा आठवा महिना लागला होता, म्हणून जपानच्या विमानतळावर जावई एकटाच आला. केन्जी आधी कमरेतून वाकला, मग आणखी खाली वाकून सासऱ्याच्या पाया पडला. "आबा, प्रवास बरा झाला?" त्याने मोडक्यातोडक्या मराठीत विचारले. सोपानला मान वर करायची लाज वाटली. हा पोरगा पाहिल्यावाचूनच आपण पाच वर्षे त्याच्यावर रुसलो होतो, हे त्याच्या मनाला फार लागले.

गाड्या बदलत बदलत जायचे होते. पहिल्याच मोठ्या स्टेशनावर सोपानची फजिती झाली. गाडी आली तसा तो सवयीने दाराकडे झेपावला. केन्जीने हळूच त्याची बाही धरली. फलाटावर रेघा आखलेल्या होत्या आणि माणसे त्यांच्यावर दोन-दोनच्या रांगेत उभी होती. दार उघडल्यावर सगळे बाजूला सरले. आतला शेवटचा माणूस उतरला आणि मगच बाहेरच्यांनी पाऊल उचलले. कुणी कुणाला ढकलले नाही, तरी सगळे चढले.

"गाडी सुटली असती तर?" सोपानने विचारले.

"मागून दुसरी येते, आबा."

डब्यात केन्जीने त्याची पाठीवरची पिशवी पोटाशी घ्यायला लावली, म्हणजे मागच्याला धक्का लागायला नको. थोड्या वेळाने चंद्रभागेचा फोन आला. सोपान हर्षाने ओरडला, "पोचलो गं!" सगळा डबा एकदम खाली बघू लागला. केन्जीने ओठांवर बोट ठेवून हसत म्हटले, "इथं गाडीत फोनवर बोलत नाहीत. स्टेशनावर उतरून बोलू." सोपानने फोन बंद केला. 'इथं सगळं थांबून थांबूनच करायचं का?' तो मनात पुटपुटला. लेक जसजशी जवळ येत होती, तसतसा त्याला एकेक मिनिट डोंगराएवढा वाटत होता.

शेवटचा टप्पा डोंगरातल्या लहान गाडीचा होता. केन्जीला कामावर जायचे होते. त्याने सासऱ्याला खिडकीपाशी बसवले. "आठवं स्टेशन. जयू फलाटावर येईल. फाटक असेल, जपून."

सोपानने बोटांवर स्टेशने मोजली. एक, दोन, तीन. भाताची खाचरे गेली, नदी गेली. आपल्याला ती ओळखेल का? आणि ओळखूनही बोलली नाही तर? आठवे स्टेशन आले आणि तो उतरला.

अगदी छोटे स्टेशन होते ते. दोन फलाट, मध्ये रुळांचे दोन मार्ग. बाहेर जायची वाट पलीकडच्या फलाटावरून होती आणि तिकडे जायला फलाटाच्या पुढच्या टोकाला रुळांवरूनच एक पायवाट केलेली होती. तिच्या दोन्ही टोकांना काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या बांबूचे फाटक होते. सोपान तिथे पोचला, तोच घंटी वाजू लागली, तांबडा दिवा उघडमीट करू लागला आणि बांबू खाली आला.

पलीकडे जयू उभी होती.

पंधरा पावले असतील मध्ये. ती भरली होती, चेहरा ओढलेला होता, केस कापलेले होते. पण बावरली की मान एका अंगाला कलती करून उभी राहायची तिची तऱ्हा तीच होती. तिने हात हलवला नाही. ती नुसती बापाकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. तिच्या पायाशी पिवळी टोपी घातलेली एक पोर होती.

सोपान बांबूला येऊन भिडला. रूळ मोकळे होते. त्याची गाडी मागेच थांबलेली होती. दुसरी कुठे दिसतही नव्हती. गावाकडे असली फाटके त्याने शेकडो वेळा वाकून ओलांडली होती. पाच वर्षांची वाट आणि आता हा एवढासा बांबू! त्याने बांबूला हात घातला, तो वर उचलला आणि डोके खाली घातले.

तेवढ्यात त्याला समोर दिसले. मीनानेही पलीकडच्या बांबूला हात घातला होता. आजोबांसारखेच तिनेही डोके खाली घातले होते. जयूची नजर बापावर खिळलेली. डोळ्यांत पाणी, त्यामुळे तिला पोर दिसतच नव्हती.

सोपानच्या अंगावर सर्रकन काटा आला. ओरडावे तर पोर घाबरून पुढेच पळायची. त्याने बांबू सोडला. ताठ उभा राहिला. मीनाच्या डोळ्याला डोळा भिडवून त्याने हाताचा पंजा समोर धरला आणि सावकाश एक पाऊल मागे घेतले. मग आणखी एक. फलाटावरच्या पिवळ्या पट्टीच्या आत येऊन तो थांबला.

मीनाने क्षणभर त्याच्याकडे पाहिले. मग तिनेही पंजा पुढे केला. एक पाऊल मागे घेतले. मग आणखी एक. जयूने दचकून खाली बघितले आणि लेकीला घट्ट पोटाशी धरले.

आणि वळणाआडून जलद गाडी आली. ती थांबणारी नव्हती. तिच्या वाऱ्याने सोपानची टोपी उडून मागे पडली. मधले सगळे दिसेनासे झाले. डबे, डबे, नुसते डबे. तेवढ्या वेळात त्याने किती देव आठवले, त्याचे त्यालाच ठाऊक. गाडी गेली. दोघी जागच्या जागी होत्या.

तरी घंटी थांबली नाही. आता मागची लहान गाडी सुटायची होती. सोपान हलला नाही. तीही समोरून निघून गेली. घंटी बंद झाली, बांबू वर गेला. त्याने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले आणि मगच पाऊल उचलले. ती पंधरा पावले तो पळाला नाही.

जयूपाशी पोचल्यावर त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"आबा, तुम्ही थांबलात," ती रडत म्हणाली.

"उशिरा शिकलो, पोरी," सोपान म्हणाला. "फार उशिरा. तेव्हा थांबलो असतो, तर हिला पाळण्यात बघितली असती."

गेलेली पाच वर्षे कुठल्याच गाडीने परत येणार नव्हती, हे दोघांनाही कळत होते. फलाटावरच्या बाकावर जयू बसली. सोपान शेजारी बसला. जयू बोलू लागली. लग्नाच्या दिवशी माहेरचे कुणी नव्हते ते, बाळंतपणात आईची किती आठवण यायची ते, दर रविवारी फोनवर बापाचा खोकला ऐकू येतो का म्हणून कान देऊन बसायची ते. त्याला मध्ये कितीदा बोलावेसे वाटले, क्षमा मागावीशी वाटली. पण तिचे सांगून होईपर्यंत तो गप्प बसून ऐकत राहिला.

आणखी दोन गाड्या आल्या आणि गेल्या. मीना त्याच्या मांडीवर कधी झोपली, ते कुणाला कळले नाही.

तात्पर्य: आपल्या माणसाची ओढ कितीही अनावर झाली, तरी फाटकापाशी आणि रागाच्या शब्दापाशी माणसाने थांबावे; क्षणाची घाई कुणाचा जीव घेते, तर कुणाची वर्षे.