दोन देवळांमधला ओटा

तांबखडीची ही टेकडी चढताना अर्ध्या वाटेवर दम लागतो. तिथंच हा काळ्या दगडाचा ओटा आहे, समोरासमोर दोन बैठका असलेला. बसा तुम्हीही. माझे गुडघे आता चालत नाहीत, म्हणून पाहुण्यांना मी गोष्ट इथंच सांगते, वर नेऊन नाही.

वर दिसतंय ते बिशपच्या मंडळीचं देऊळ. खाली नदीकडे कौलारू आहे ते मिशनचं. आता दोन्ही मंडळ्या एकाच बिशपच्या हाताखाली आहेत. पूर्वी तसं नव्हतं. वरचा माणूस खालच्या देवळात प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीची भाकर आणि प्याला, घेत नसे.

असं सांगतात की मानमोडीच्या तापाची साथ आली तेव्हा वर लूक रणपिसे नावाचे पाळक, म्हणजे पाद्री, होते. शिकलेले, सरळ आणि कडक. बिशपनी डोक्यावर हात ठेवून त्यांना दीक्षा दिली होती. त्या बिशपवर आधीच्या बिशपनी हात ठेवलेला, त्यांच्यावर त्यांच्या आधीच्यांनी, आणि असं मागं जात जात ते थेट प्रभूच्या प्रेषितांपर्यंत, त्याच्या पहिल्या शिष्यांपर्यंत, पोचतं, अशी वरच्या मंडळीची श्रद्धा. ज्याच्या डोक्यावर तसा हात नाही त्यानं देवळात भाकर मोडली, तर ती नुसती भाकर.

खाली शांतवन ओहोळ पाळक होते. त्यांच्यावर हात ठेवले होते मंडळीतल्या पाच वडीलधाऱ्यांनी. त्यात दोघे दोर वळणारे, एक गवंडी. लूकची धाकटी बहीण सलोमी याच शांतवनना दिलेली. नाताळात लूक बहिणीकडे जेवायला जात, पण खालच्या देवळाची पायरी त्यांनी कधी चढली नाही. एकदा जेवताना शांतवननी विचारलं म्हणे, "लूकराव, माझ्या घरची भाकरी चालते, देवळातली का नाही?"

लूक म्हणाले, "घरी तुम्ही माझे दाजी आहात. देवळात तुमच्यामागे कोण उभं आहे, ते मला दिसत नाही."

शांतवननी तो विषय पुन्हा काढला नाही.

मग मानमोडी आली. घरंच्या घरं आजारी पडली. पाणी द्यायला उठेल असं माणूस काही घरांत उरलं नाही. दोन्ही पाळक दारोदार फिरले, खड्डे खणायलाही गेले. शांतवन आणि सलोमीची लेक त्यात गेली. त्याच सुमारास लूकही पडले. वरच्या आळीत अकरा माणसं शेवटाला आली होती आणि प्रभुभोजन मागत होती. बिशपकडे निरोप धाडला. उत्तर आलं की पाठवायला पाळक नाही, जे आहेत ते आजारी आहेत, प्रार्थना करा.

एका दुपारी सलोमी टेकडी चढून भावाकडे आली. लेकीला पुरून चार दिवस झाले होते.

"दादा, वरची माणसं यांना बोलावताहेत," ती म्हणाली. "पण हे जात नाहीत. म्हणतात, दुसऱ्याच्या मंडळीत त्याला विचारल्याशिवाय जायचं नाही. तू सांग."

"मी हो म्हटलं तर ते खोटं होईल, सलोमी. माझा विश्वास बदललेला नाही."

"मग नाही म्हण. पण त्या अकरा घरी जाऊन तूच सांग. माझ्याच्यानं होणार नाही. मी थकले."

लूक कोपरावर रेलून उठायला गेले, पण उठवेना. मग म्हणाले, "मला खाली न्या."

चौघांनी बाज उचलली. त्यातले दोघे नुकतेच तापातून उठलेले. अर्ध्या वाटेवर त्यांचे पाय थरथरायला लागले आणि त्यांनी बाज टेकवली ती इथंच. सलोमी खाली जाऊन शांतवनना घेऊन आली.

लूक म्हणाले, "दाजी, दीक्षा द्यायचा अधिकार मला नाही. तो बिशपचा. पण माझ्याकडे जे आलंय त्यातलं थोडं तुम्हाला द्यावंसं वाटतं."

"मला पाच जणांनी दिलं ते पुरेसं आहे," शांतवन म्हणाले. "तरी तुम्हाला द्यायचं असेल तर द्या." आणि ते बाजेशेजारी मातीत बसले.

लूकनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवले. हात तापानं भाजत होते म्हणे. मग लूक म्हणाले, "आता तुमचे ठेवा माझ्यावर." शांतवननी ठेवले. शांतवननी सोबत आणलेली बाजरीची भाकरी होती आणि वाटीत द्राक्षरसाऐवजी मनुकांचं पाणी. शांतवननी भाकर मोडली आणि पहिला तुकडा लूकनी खाल्ला. त्यांनी खाल्लेलं कळलं तेव्हा वर जी घरं अजून कचरत होती त्यांनीही दारं उघडली. शांतवन अकराही घरी जाऊन आले. त्या आठवड्यात अकरांतले नऊ गेले.

हात ठेवताक्षणी लूकचा ताप उतरला असं काही जण सांगतात. माझी सासू म्हणायची, तीन आठवडे लागले.

पुढे बिशपकडून चौकशी झाली. लूकनी काही लपवलं नाही. "ते प्रभुभोजन खरं होतं, असं तुमचं म्हणणं आहे?" असं त्यांना विचारलं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "माणसं मरत होती. मीही मरत होतो. मी मागितलं, त्यांनी दिलं."

त्यांना वेदीपाशी उभं राहून उपासना चालवायची बंदी झाली. शांतवननी खाली बोलावलं, पण लूक म्हणाले, माझी मंडळी वर आहे. दर रविवारी ते चढून जात आणि शेवटच्या बाकावर बसत. तेरा वर्षांनी बंदी उठल्याचं पत्र आलं, तोवर त्यांचे हात कापायला लागले होते, प्याला धरवत नव्हता. पत्र वाचून त्यांनी घडी घातली. त्याच आठवड्यात वर नवा तरुण पाळक आला होता. त्याला ते म्हणाले, "माझ्या जागी तुम्हीच उभे राहा. पण आधी दाजींना भेटून या."

तो पाळक खाली निघाला, म्हातारे शांतवन वर निघाले, आणि दोघांची गाठ या जागी पडली. काय करायचं ते दोघांनाही कुणी सांगितलं नव्हतं. तरुण पाळक आधी डोकं पुढे करून वाकला, मग शांतवन. ओटा नंतर गावानं बांधला.

आजही वर किंवा खाली नवा पाळक आला की पहिल्या रविवारच्या आधी दोघे इथं येतात आणि एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवतात. हे कुठल्याही उपासनेच्या पुस्तकात नाही. त्या वेळी कुणी काही बोलत नाही, गाणं नसतं. गावातली म्हातारी माणसं तेवढी येऊन बसतात. हात खाली आले की जो तो आपापल्या देवळाकडे चालू लागतो.