चंपावतीची उडती पोटरी

एका राज्यात म्हातारे फार झाले होते, आणि बोलायचा मक्ता सगळा त्यांच्याकडेच होता. राजा होता, पण तो शिंकायचे झाले तरी त्यांना विचारी.

राजवाड्याच्या चौकात एक दगडी पुरुष उभा होता. तो कुणी घडवलेला नव्हता. ते राजाचे थोरले बंधू, राजकन्या चंपावतीचे काकामहाराज. तिच्या जन्माआधी त्यांचे बोट उडू लागले, आणि चातुर्मास सरायच्या आत ते उभ्याउभ्या दगड झाले. बोट नाकासमोर, डोळे बोटावर. म्हातारे सांगत, "महाराज बजावताहेत, सावध राहा!" त्या बोटाला ते शेंदूर फाशीत. राज्यात कुणाची पापणी लवली तरी त्या घरात चूल पेटत नसे.

एके सकाळी चंपावती धनुष्याला दोरी चढवत असता तिची डावी पोटरी उडाली. कातडीखाली मासोळी वळावी, तशी. थांबली. पुन्हा उडाली.

वार्ता पसरली आणि तीन म्हातारे धावत आले.

"स्त्रीचे डावे अंग लवणे शुभ," राजज्योतिषी म्हणाले. "पण पोटरीविषयी पोथी गप्प आहे. पोथी गप्प असली की मला भीती वाटते."

"काकामहाराजांचेही असेच सुरू झाले होते," प्रधान म्हणाले. "बोलू नये, पण झाले होते."

राजवैद्यांनी दाढी कुरवाळली. "राजकन्ये, एका जागी निश्चल राहावे. पायावरची नजर हलवू नये. उडणे कुठे सरकते ते पाहत राहावे."

"आणि औषध?"

"हेच औषध. काकामहाराजांनाही हेच दिले होते."

"ते तर दगड झाले!"

"उशिरा सुरू केले होते," राजवैद्य म्हणाले, आणि जेवायला गेले.

चंपावती भ्यालेली होती. भ्यालेले माणूस सांगितले ते करते. ती गवाक्षापाशी बसली आणि पाहू लागली. जितके पाही तितके जास्त उडे. पोटरी झाली, मग दंड, मग ओठाचा कोपरा. डावा पाय बारीक तर झाला नाही ना, म्हणून ती उजव्याशी ताडून बघे. मूठ वळून ताकद अजमावी. रोज राजवैद्यांना विचारी, "आज जास्त आहे का?" ते म्हणत, "तसे दिसत नाही." हा धीर हातातला ताकाचा पेला रिकामा होईपर्यंतही टिकत नसे.

आणि एके दिवशी तिच्या पायाची करंगळी राखाडी झाली. टिचकी मारली तर पाट्यावर मारल्यासारखी वाजली.

गवाक्षात एक परीट पक्षी येऊन बसला. काळापांढरा, मूठभर, शेपटी क्षणभर स्थिर नाही.

"बाई, काय पाहतेस?"

"मरण."

"दिसले?"

"करंगळीपर्यंत आले आहे."

"पाहुणा आहे का तो, समोर बसून वाट बघायला? या राज्याला दगड होण्याचा शाप जिने दिला ती विंध्या मांत्रिकीण काजळडोंगरावर अजून जिवंत आहे. चल."

चंपावती त्याच्या शेपटीकडे बघत राहिली. "तुझी शेपटी कधीपासून उडते?"

"अंड्यातून निघालो तेव्हापासून. राजवैद्यांना सांगू नकोस, मला बसवून ठेवतील."

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मग उठली आणि कुणालाही न विचारता वेशीबाहेर पडली.

वाटेत ती चाले तोवर दगड जिथल्या तिथे राही. थांबून पायाकडे पाही, की आणखी एक बोट राखाडी होई. पक्ष्याच्या हे ध्यानात आले. तिच्या आले नाही. ती बोटे बघण्यात गुंतली होती.

काजळडोंगराच्या माथ्यावर एक म्हातारी मोठ्या कढईखाली जाळ घालत होती. चंपावतीने पाय पुढे केला. "मी दगड होणार का?"

"आधी माझी तीन कामे," विंध्या म्हणाली. "खालच्या झऱ्याचे पाणी आण. घागर काठोकाठ हवी, थेंब सांडायचा नाही."

ती घागर घेऊन चढली. डोळे पाण्यावर. पोटरी उडत होती, पण पाहणार कशी? पाहिले असते तर सांडले असते. पाणी कढईत पडले.

"त्या कड्यावरची गुळवेल उतरव."

ती कड्याला लटकली. दोन्ही हात वेलीत, दात वेलीत. दंड उडत होता. चाचपायला तिसरा हात नव्हता. वेल कढईत पडली.

काढा उकळू लागला. विंध्या म्हणाली, "तुझ्या आजोबांना नाडी बघायचा नाद होता. राज्यातले झाडून सगळे वैद्य त्यांनी आपल्या पलंगाभोवती बसवले. त्या साली गावांत ताप आला. माझी लेक सात वर्षांची होती. वैद्य मिळाला नाही. तेव्हा मी शाप दिला: या राज्यात जो हातपाय आवरून स्वतःलाच न्याहाळत बसेल, तो दगड होईल."

"आणि उडणे?"

"त्याचा काय संबंध? दगड कधी उडतो का?"

आता चंपावतीच्या ध्यानात आले. म्हणजे राजवैद्य औषध म्हणून शापच पाजत होते. काकांना तोच, तिलाही तोच.

"मग मी मरणार नाही?"

"मरशील की. कधी, ते मला ठाऊक नाही. मांत्रिकीण आहे मी, लबाड नाही. आता तिसरे काम. पायथ्याच्या पाड्यात ताप आला आहे. तुझ्या आजोबांच्या रक्ताचे कुणी हा काढा पाजायला जाईल, आणि शेवटच्या घोटापर्यंत स्वतःकडे बघणार नाही, तेव्हा माझा शाप उतरेल. बघितलेस, तर तिथेच उभी राहशील. कायमची."

चंपावती काढ्याची घागर घेऊन पाड्यात गेली. दारोदार बसली, वाटी भरली, पाजली. शेवटच्या झोपडीत एक पोरगी तापाने फणफणत होती. तिला मांडीवर घेतले आणि त्याच क्षणी पोटरी अशी उडाली, जणू मासोळ्यांचे अख्खे जाळे कातडीखाली ओढले जात होते. टाच जड झाली. घोटा गार पडला. कानात आवाज आला, बघ. एकदाच बघ. आवाज तिन्ही म्हाताऱ्यांचा होता.

तिची मान वळू लागली. मांडीवरच्या पोरीने तिचा पदर धरला.

"उड बाई, उड," चंपावती पोटरीला म्हणाली. "मला काम आहे."

आणि वाटी पोरीच्या ओठाला लावली. पोरीने शेवटचा घोट घेतला, तोंड वेडेवाकडे केले आणि निम्मा तिच्या अंगावर थुंकला. "कडू आहे! तूच पी!"

चंपावती हसत उठली. दोन्ही तळव्यांना जमिनीचा चटका बसला. बोटे दहाही गुलाबी होती.

ती राजवाड्यात आली तेव्हा चौकात काकामहाराज बोटाचा शेंदूर धोतराला पुसत होते.

"महाराज," प्रधान हात जोडून म्हणाले, "आपण एवढी वर्षे आम्हांला बजावत राहिलात..."

"कसले बजावणे, गाढवांनो! बोट बघत होतो! तुमच्या वैद्यानेच सांगितले होते!" मग ते पुतणीकडे वळले. "पोरी, माझे अजून उडते आहे गं."

"माझेही. गावांत काढा न्यायचा आहे. स्वयंपाकघरातली मोठी कढई उचलता का, काका?"

त्यांनी उचलली. राजाने त्या दिवशी कुणालाही न विचारता पहिली आज्ञा दिली: वैद्य जातील ते गावांत, आणि तिन्ही म्हातारे जातील काढ्याच्या घागरी डोक्यावर घेऊन. वाटेतल्या चढावर राजवैद्यांची पापणी लवू लागली. डोक्यावर घागर होती. बघायला सवड झाली नाही.

पोटरी आजही उडते, धनुष्यही रोज चढते. ऐकणाऱ्यांनो, तुमचेही काही उडत असेल तर उडो. हातातली वाटी मात्र सांडू नका.