सासूच्या हातातले वाळे

बसा, दम खा. फक्त त्या खोलगट पायरीवर बसू नका, ती ठकाईची पायरी. खिंडीतल्या बाकी पायऱ्या बैलांच्या खुरांनी झिजल्या. ही एकटी घावांनी खोल झाली, असं सांगतात.

फार जुनी गोष्ट. या वाटेनं कोकणातलं मीठ वर यायचं, घाटावरचं धान्य बंदरात जायचं. त्या मीठवाल्यांच्या घरात सुनेचं रूप पायावरून ठरायचं म्हणे. दहा वर्षांची सून घरात आली की तिच्या टाचेला तेल चोळून, दोघींनी धरून, काशाचे ओतीव वाळे चढवायचे. कातडं सोलून निघायचं, हाडं दबायची. मग पाय वाढला की वाळा निघायचाच नाही. पोरी तोकडी पावलं टाकत चालायच्या आणि लोक म्हणायचे, काय डौल आहे! म्हणणाऱ्यांच्या पायात काही नव्हतं ना. वाळे फुटायचे ते नवरा गेल्यावरच.

ठकाई अशाच घरातली कर्ती बाई. सून गुणाईला तिनं गावातले सगळ्यांत जड वाळे चढवले आणि मिरवलेसुद्धा.

एकदा तांडा घाट उतरत होता. पुरुष पुढच्या बैलांबरोबर वळणाआड गेलेले, शेवटच्या बैलामागे या दोघी. त्याच्या पाठीवर एका अंगाला गोणी, दुसऱ्या अंगाला पाटीत गुणाईचं तान्हं पोर. बैलाला वर हिरवं गवत दिसलं. हिसडा देऊन तो चढ चढला आणि थेट कड्याच्या टोकाशी जाऊन चरायला लागला. पाटी दरीवर लोंबत होती.

गुणाई धावली आणि पडली. उठली, पुन्हा पडली. पायात तेवढं वजन घेऊन सपाट वाट चालता येते, चढ चढता येत नाही. ठकाईच्याही पायात तसेच वाळे. वाऱ्यात हाका पुरुषांपर्यंत पोहोचेनात.

ठकाईनं धोंडा उचलला आणि ही पायरी दाखवली. “पाय ठेव इथं.”

गुणाईनं पाय मागे घेतला. नवरा जिवंत असताना वाळे फोडायचे म्हणजे त्याचं मरण बोलावायचं.

“तो माझा मुलगा आहे,” ठकाई म्हणाली. “पाप लागलं तर मला लागेल. ठेव पाय.”

काशाचे वाळे फुटले. रक्ताळलेल्या पायांनी गुणाई चढली, दोर धरला, पोर वाचलं.

खाली मात्र तिचे मोकळे पाय पाहून तांडा मागे सरला. अवदसा म्हणून तिला माहेरी धाडा, असं थोरल्यांनी ठरवलं. तेव्हा ठकाई फुटके वाळे हातात घेऊन सगळ्यांच्या पुढे चालू लागली. “वाळे माझ्या हातात आहेत. मुलगा, नातू माझ्या मागे आहेत. मोजून घ्या.” तांडा तिच्या मागून निघाला, गुणाईही.

गुणाई तिचेही वाळे फोडायला निघाली होती म्हणे. ठकाई म्हणाली, “राहू दे. माझे पाय आता त्यांच्याच मापाचे झालेत.” मरेपर्यंत ती तशीच चालली.

आता पलीकडून डांबरी सडक आहे. तरी आजही आमच्या गावची नवरी खिंडीतूनच उतरते. या पायरीशी ती पैंजण काढते, सासू ते हातात घेऊन पुढे चालते. वेशीत पोहोचल्यावर सासूनं विचारायचं, घालतेस का? सून जे म्हणेल ते खरं.

माझी सून नको म्हणाली. क्षणभर रागच आला मला, खोटं कशाला बोलू? पण पैंजण अजून माझ्याच पेटीत आहेत.