शक्य झाल्यास

जिनिव्हातल्या शाश्वत विकासाच्या वाटाघाटींत विकसनशील देशांची बाजू मांडायला रेवती घोरपडेला नेमलं, तेव्हापासून तिच्याच शिष्टमंडळातल्या मुकुंद दाभोळ्यांच्या पोटात दुखत होतं. ती त्यांच्याहून वयाने आणि हुद्द्यानेही लहान. "बघू या काय दिवे लावते," असं पुटपुटत ते तिच्या मागच्या खुर्चीत बसले.

गाडं एका कलमावर अडलं होतं. श्रीमंत देशांनी गरीब देशांना स्वच्छ ऊर्जेचं तंत्रज्ञान द्यायचं, असं ते कलम. एका बड्या देशाचे राजदूत त्यात 'शक्य झाल्यास' घालायचा हट्ट धरून बसले होते. आदल्या दिवशी अनौपचारिक बैठकीत दाभोळ्यांनी घसा कोरडा केला, पण राजदूत तसूभरही हलले नव्हते.

"बाईसाहेब, दोनच तर शब्द आहेत," राजदूत हसून म्हणाले. "एवढ्याने कुणाचं काय बिघडतं?"

"काहीच नाही. आम्हाला मान्य आहे," रेवती म्हणाली.

दाभोळ्यांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बुडाली एकदाची!

"फक्त पुढच्या कलमातही ते घालू," ती शांतपणे म्हणाली. "तुमच्या बॅटऱ्यांना लागणारी खनिजं आम्ही पुरवत राहू, शक्य झाल्यास."

सभागृहात हशा पिकला. राजदूतांचा चेहरा खर्रकन उतरला. शेजाऱ्याशी कुजबुजून त्यांनी आपणहून ते शब्द मागे घेतले.

बाहेर एका परदेशी प्रतिनिधीने दाभोळ्यांचा हात धरला. "तुम्हीच तयार केलंत ना हिला?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही हो," दाभोळे म्हणाले. "मला हे जन्मात सुचलं नसतं."

खरं बोलूनही त्यांचा जळफळाट काही कमी झाला नाही.