शेळीनं पाहिलेला धडा

एका गावात एक भोळा गडी होता. भिवा त्याचं नाव. घरात बायको कौसा आणि एक गाभण शेळी. शेळीचं पहिलंच वेत. ती सुखरूप सुटली तर घरात दूध, नाहीतर आहेच कोरा चहा. त्यामुळे कौसाचा जीव टांगणीला लागलेला.

गावच्या वाचनालयातल्या सुमतीबाईंनी भिवाच्या फोनवर पुस्तकं आणि शेळीपालनाचे धडे उघडून दाखवले. म्हणाल्या, हे सगळं फुकट आहे, कुणाला विचारायला नको, लागेल तेवढं घ्यावं. भिवाला पटलं. तो तडक बाजारात गेला आणि कुणाला न विचारता टोपलीभर वांगी उचलून निघाला. बाजारानं त्याला चांगला बडवला.

कौसानं समजावलं, विचारल्याशिवाय कशाला हात लावू नये. तेही पटलं. दुसऱ्या दिवशी भिवा फोन समोर ठेवून बसला आणि दुपारपर्यंत त्याला विचारत राहिला, "उघडू का?" फोन काही बोलेना.

कौसानं कपाळावर हात मारला. विचारत काय बसायचं, नुसतं बोट लावलं की उघडतं. हेही पटलं. संध्याकाळी तो ज्वारी दळायला गेला, तर गिरणीला कुलूप. भिवानं कुलपाला बोट लावलं, अंगठा लावला, शेवटी करंगळीही लावून पाहिली. त्या रात्री घरात भाकरी झाली नाही.

एखादी गोष्ट आपल्याला जमत नसेल तर दुसऱ्याला सांगावी, असं कौसा वैतागून बोलून गेली. भिवानं शेळी विण्याचा धडा शेजारच्या गेनूला बघायला बसवलं आणि आपण निवांत झोपला.

आता मात्र कौसाचा तोल सुटला. "अवं, ज्याचं काम त्यानंच धडा बघावा. दुसऱ्यानं बघून काय उपेग?"

हे भिवाला सगळ्यात जास्त पटलं.

मग एके दिवशी कौसा खुरपायला गेली आणि इकडे शेळीला कळा सुरू झाल्या. कौसा परत येऊन बघते, तर शेळीच्या तोंडापुढे फोन विटेला टेकवून ठेवलेला आणि भिवा दोन्ही हातांनी तिची मान धरून बसलेला.

"हे काय चाललंय?"

"व्यायचंय तिला. मी बघून काय उपेग?"

एक पिल्लू झालं होतं, दुसरं अडलं होतं. कौसानं नवऱ्याला बाजूला सारलं आणि फोन आपल्याकडे वळवला. घरातल्या माणसानं तो धडा पहिल्यांदाच पाहिला. त्यात सांगितलं तसे तिनं हात साबणानं धुतले, तेल लावलं आणि शेळीनं कळ दिली तसे पिल्लाचे पाय अलगद ओढले. पिल्लू बाहेर आलं, शिंकलं, ओरडलं. कौसाला रडूच आलं.

भिवा मात्र शेळीवर रागावून बसला होता.

"तरी मी मान धरून सांगत होतो," तो म्हणाला. "निम्म्या धड्यातच तोंड फिरवलं हिनं. म्हणून एकच जमलं."